चौथ्या प्रहराचं कार्ड

तो धावत आला, आमच्या स्टॉलच्या फळीला धडकला आणि त्याच्या काखेतली पुठ्ठ्याची पेटी सुटली. साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली होती. ओल्या फरशीवर चारेकशे लांबट कार्डं पसरली... फिकट पिवळी, आणि प्रत्येकाला बारीक चौकोनी भोकं.

मी पदर खोचून बाहेर आले. फटाफट सगळी कार्डं गोळा केली, पदरानं पुसली, चारी बाजूंनी ठोकून गठ्ठा सरळ केला आणि पेटीत घालून त्याच्या हातात दिला. मग आभाराची वाट बघत उभी राहिले.

तो पेटीकडे बघत होता. चेहरा पांढराफटक.

"काय झालं वं? एकबी हरवलं न्हाई. मोजून घ्या."

"हरवलं न्हाई..." तो म्हणाला, "पर क्रम गेला."

"कसला क्रम?"

"लढाईचा."

त्याच्या पाठीमागं पुण्याची गाडी भोंगा वाजवून निघून गेली, त्याला न घेताच. त्यानं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

मी सुभेदार हंबीररावांची मुलगी. मला धक्का बसत नाही, असं आमच्या घरात मानतात. लहानपणी आबांनी माझ्या पाठीमागं फटाका लावून बघितला होता, आणि मी मान वळवून "वात ओली हाय" एवढंच म्हणाले होते. ही गोष्ट आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. आता आईला ती सांगायची बंद करावी लागेल. कारण सत्त्याहत्तर सालच्या त्या श्रावणापासून दसऱ्यापर्यंत मी जितक्या वेळा आ वासून उभी राहिले, तितक्या वेळा माणूस जांभईसुद्धा देत नाही.

तो आमच्या बाकड्यावर बसून दोन तास कार्डं लावत होता. मी गिऱ्हाईकं सांभाळत एक डोळा त्याच्यावर ठेवला. माजी सैनिकांच्या कोट्यातून आबांना हा वर्तमानपत्रांचा स्टॉल मिळाला होता. सकाळी ते बसायचे, कॉलेज सुटलं की मी. त्याचं नाव जिनदत्त मगदूम. सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, सांगलीच्याच विश्रामबागेत वसतिगृहावर राहणारा. कॉम्प्युटर पुण्यात होता, आणि ह्याच्या कॉलेजला शनिवारी संध्याकाळी थोडा वेळ मिळायचा. म्हणून हा शनिवारी पेटी घेऊन पुण्याला जायचा आणि रविवारी परत यायचा. जाता-येता गाडी साताऱ्याला वीस मिनिटं थांबायची.

"आणि ह्या कार्डांत लढाई हाय?"

"व्हय. आदिलशाही फौज एका बाजूनं, नदीकाठचा एक किल्ला दुसऱ्या बाजूनं. फौज कॉम्प्युटर लढवतो. तीन दिवसांत किल्ला घेतला तर तो जिंकला, तीन दिवस टिकला तर किल्ला जिंकला."

"आणि किल्ला कोण लढवतं?"

"मीच. म्हणून तर सर रागावतात. म्हणतात, ज्याला यंत्र कसं लिहिलंय ते ठाऊक न्हाई असा माणूस आण." त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. पापण्यांवर पावसाचं पाणी तसंच होतं. "तुमी लढवाल... किल्ला?"

"पगार काय?"

"राहिला तर किल्ला तुमचा."

मी एका जुन्या पेपरच्या कोऱ्या कडेवर माझे हुकूम लिहून दिले. तिरंदाज बुरुजावर, शंभर माणूस नदीच्या उताराजवळच्या झाडीत, दरवाजा बंद. पुण्यात त्या हुकमांची कार्डं व्हायची, कॉम्प्युटर आपली चाल करायचा आणि दिवसभर काय घडलं ते एका रुंद कागदावर छापून यायचं. रविवारी दुपारी एकच्या गाडीतून तो कागद घेऊन उतरला.

मी कागद फळीवर उलगडला. प्रत्येक ओळ म्हणजे अर्धा प्रहर, प्रत्येक आकडा म्हणजे एक तुकडी, एवढं त्यानं समजावलं. पुढचं मला आपोआप दिसलं, आणि मी कागद सोडून त्याच्याकडे बघितलं.

"आवं, ह्यानं नदीच्या उतारात पैला हत्ती घातलाय."

"व्हय."

"हत्ती रुतलाय."

"व्हय..."

"आणि सगळं घोडदळ त्याच्या मागं रांगेत उभं हाय! दीड प्रहर! आमच्या स्टँडवर वडूजच्या गाडीला असतं तसं! आणि माझे तिरंदाज वरनं..." मला पुढं बोलवेना. "एवढी खोली व्यापणारं यंत्र, आणि त्याला बाजूनं जायचं कळत न्हाई?"

"जवळची वाट धर, एवढंच सांगितलंय त्याला मी," तो खाली मान घालून म्हणाला. "वाट अडली तर काय करायचं, ते सांगायचं राहिलं."

त्याच्या पुढच्या खेपेला मी आणखी थक्क झाले. कॉम्प्युटरनं आपला सरदार एकट्यालाच तटाखाली पाठवला होता. का, तर सगळ्यांत बळकट तोच. मी वरून एक धोंडा सोडला आणि सरदाराचा निकाल लागला. फौज मात्र त्यानंतरही दिवसभर त्याच्या हुकमाची वाट बघत उभी होती.

"तुमचा सरदार लय भोळा हाय," मी म्हणाले.

"माझ्यावर गेलाय."

"मग तुमच्यावर कुणी धोंडा टाकला तर?"

"टाकलाय की," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

मी पेपरचा गठ्ठा विनाकारण सरळ केला.

अशी आमची लढाई चालली. शनिवारी मी हुकूम द्यायची, रविवारी तो माझा विजय घेऊन यायचा. कधी सोबत भडंगाचा पुडा असायचा. परतीच्या गाडीला गर्दी फार, तो खाली उतरला की जागा जायची, म्हणून गाडी लागली रे लागली की मी धावत जाऊन खिडकीतून माझा रुमाल टाकून त्याची जागा धरायची. पहिल्या रविवारी त्यानं रुमाल परत दिला. दुसऱ्या रविवारी द्यायला विसरला. तिसऱ्या रविवारी मी म्हणाले, "रुमाल..." आणि तो म्हणाला, "कुठला?" सुभेदाराच्या मुलीशी इतकं सरळसरळ खोटं बोलणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता.

भादव्यात मला त्याच्या लढाईतली सगळ्यांत मोठी चूक सापडली. सगळे कागद एकाखाली एक लावून बघत होते आणि अंगावर काटा आला. हत्ती असो, घोडदळ असो, जिंकत असो, हरत असो... चौथा प्रहर कलला की आदिलशाही फौज हातातलं काम टाकून छावणीत परत जात होती. रोज, न चुकता. मी एकदा मुद्दाम दरवाजा उघडा ठेवला होता. तरीही परत गेली.

रविवारी मी बोट ठेवलं. "हे काय हाय?"

त्यानं बघितलं. "संध्याकाळ."

"संध्याकाळ झाली तर लढाई सोडून जायचं? कशाला?"

"जेवायला."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो चेष्टा करत नव्हता.

"दिवस मावळायच्या आत जेवायला नको?" तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच थांबला. आपण काय लिहून बसलो होतो ते त्यालाही तेव्हाच कळलं. त्याच्या घरात सात पिढ्यांत दिवेलागणीनंतर कुणी घास घेतला नव्हता. वसतिगृहातही सांजेच्या आत ताट घेऊन बसणारा हा. लढाई लिहिताना त्यानं तोफांचा पल्ला मोजला, घोड्याचा वेग मोजला, आणि फौज सांजेच्या आत जेवते हे विचार न करताच लिहून टाकलं. सूर्य पूर्वेला उगवतो, हे कुणी विचार करून लिहितं का?

मी इतकी हसले की शेजारच्या केळीवालीनं वाकून बघितलं. "आदिलशाही फौज... जैनांचा चौविहार पाळती..."

"कुठलं कार्ड ते ठाऊक हाय मला," तो ओशाळून म्हणाला. "एकच कार्ड हाय. काढतो."

"ऱ्हाऊ दे. माझा किल्ला त्याच्यामुळंच टिकतोय."

आम्ही दोघं त्या कागदावर वाकून हसत होतो, डोक्याला डोकं लागेल इतकं जवळ, आणि कागदावर सावली पडली. आबा होते. दुपारचे कधी न येणारे आबा, हातात काठी, पासष्टच्या लढाईत अधू झालेला पाय जरा पुढं.

मला फटाका आठवला. ह्यावेळी वात कोरडी होती.

आबांनी चष्मा लावला. कागद उचलला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"ह्यो सरदार कोण?"

"कॉम्प्युटर," जिनदत्त म्हणाला.

"गाढव हाय."

"व्हय, आबा."

"ह्याला शिकवलं कुणी?"

"मी." मग हत्तीबद्दल विचारलं तरी अडखळणारा तो माणूस एका दमात म्हणाला, "आणि मला शालनशी लग्न करायचं हाय."

मी फळीला धरलं. हे त्यानं मलासुद्धा सांगितलं नव्हतं!

आबांनी चष्मा काढून त्याला नखशिखांत न्याहाळलं. घरात माझ्यासाठी स्थळ आलेलं होतं. शेजारच्या गावचा कृष्णात, लष्करात हवालदार, दिवाळीला सुट्टीवर येणार होता. वर्दीशिवाय जावई नको, हे आबांचं म्हणणं साऱ्या गावाला पाठ होतं.

"तुझ्या यंत्राला माझ्यासंगं लढव," आबा शेवटी म्हणाले. "तीन दिवसांत माझा किल्ला घेतलास, तर पुढचं बोलू. न्हाई घेतलास, तर हितनं पुढं सातारच्या स्टँडवर उतरायचं न्हाई."

"कबूल," जिनदत्त म्हणाला.

आबा गेल्यावर मी त्याच्याकडे वळले. राग होता, रडू होतं, आणि खरं सांगायचं तर आनंदही होता. "मला इचारायचं कवा?"

"इचारणारच हुतो... पर आबांनी सरळ बघितलं. मग खोटं बोलता येईना."

"रुमालाचं बरं येतं."

त्यानं खिशातून रुमाल काढला. एक नव्हे, चार. धुऊन, घडी घालून. मी ते परत घेतले नाहीत.

घरी आईनं डोक्याला हात लावला. "जैनाचं पोरगं? अगं, मग मटण कुठं शिजवायचं?" तिची अडचण तेवढीच होती. माझी मोठी होती. आबा बत्तीस वर्षं फौजेत होते, आणि समोर तो भोळा सरदार. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा शत्रूला फितूर झाले. पुढच्या शनिवारी त्याला सगळं सांगितलं. वाट अडली की बाजूनं जायचं. सरदार मागं ठेवायचा. आबा डाव्या बाजूला नेहमी कमी माणूस ठेवतात, घरात बुद्धिबळ खेळतानाही. तो भराभर लिहून घेत होता.

"आणि ते चौथ्या प्रहराचं कार्ड काढा."

त्यानं गठ्ठ्यातून ते एक कार्ड बरोबर ओढलं. क्षणभर बोटांत धरून ठेवलं.

"द्या हिकडं. माझ्यापाशी असलं की मला झोप लागंल."

कार्ड मी माझ्या वहीत ठेवलं.

पहिला रविवार. आबा स्वतः स्टॉलवर येऊन बसले. कागद वाचला आणि भुवई वर गेली. "हत्ती मागं ठेवलाय की रं." दुसऱ्या रविवारी त्यांनी कागद दोनदा वाचला. "डावी बाजू धरली ह्यानं. पोरगं सुधारलंय." ते माझ्याकडे बघत नव्हते, मी त्यांच्याकडे बघत नव्हते. त्या आठवड्यात आबा रोज अंगणात खडे मांडून बसायचे. दिवेलागणीला आई जेवायला हाक मारायची आणि आबा नेहमीसारखे काठी घेऊन बांधावर निघून जायचे. ही त्यांची जुनी सवय. त्या वेळेला ते कधीच ताटावर बसत नाहीत, अंधार पक्का झाल्यावर येऊन अर्धी भाकरी खातात. आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं.

शेवटच्या शनिवारी हुकूम लिहिताना आबा म्हणाले, "दरवाजा पडंल आज. चाळीस माणूस उरंल माझं. सांजंला एक रेटा दिला की किल्ला गेला." आणि कागद जिनदत्तला देताना जरा हसले. मला ते हसू दिसलं. रात्रभर मला ते पुरलं.

रविवारी एकची गाडी लागली. मी रुमाल घेऊन धावले. गाडीतून सगळे उतरले, जिनदत्त उतरला नाही. कंडक्टर आकाराम तेवढा एक गुंडाळी घेऊन आला. "मगदुमांनी दिलंय. सुभेदारांना द्या म्हणाले. स्वतः रेल्वेनं गेले सांगलीला."

मी तिथंच, गाडीच्या धुरात, कागद उलगडला. तिसऱ्या प्रहरी दरवाजा पडला होता. आत चाळीस माणूस. बाहेर नऊशे. त्याखालची ओळ मी वाचली, पुन्हा वाचली, मग बोट ठेवून वाचली. सगळी फौज छावणीत. दिवस तिसरा समाप्त. किल्ला विजयी.

मी कागद स्टॉलवर बसलेल्या आबांपुढं टाकला आणि वही उघडली. माझं कार्ड जागच्या जागी होतं. म्हणजे त्यानं नवं बनवून घातलं होतं, स्वतःच्या हातानं! दरवाजा पडलेला, मी समोर, आणि हा माणूस जेवायला निघून गेला!

गुंडाळीत एक चिठ्ठी होती. आबांनी ती मोठ्यानं वाचली.

"सुभेदारसाहेबांस नमस्कार. किल्ला पडत होता. सांज झाली की फौजेला जेवायला परत नेणारं एक कार्ड होतं, शालननं मला ते काढायला लावलं होतं आणि पहिले दोन दिवस मी काढलंही. पण तिसऱ्या दिवशी सकाळपासून ती नऊशे माणसं उपाशी होती. अंधारात त्यांना पुढं पाठवायला हात होईना. कार्डावरची माणसं आहेत हे मला कळतं. तरी झालं नाही. मी हरलो. स्टँडवर उतरणार नाही. शालनचा राग माझ्यावरच राहू द्यावा."

मी रागानं रडत होते. आबांची काठी हातातून घसरली आणि फरशीवर वाजली. त्यांनी ती उचलली नाही.

"आबा?"

"पासष्टला... फौजेच्या लंगरात जेवणाच्या डेगा चुलीवरनं उतरल्या हुत्या," आबा म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. "सांजची वेळ. वरनं हुकूम आला, अंधार पडायच्या आत फुडची टेकडी घ्या. पोरं ताट घेऊन उभी हुती. मी म्हटलं, ठेवा ताटं, येऊन जेवू. बारा गेलो. चौघं आलो. डेगा तशाच भरल्याल्या."

"आणि टेकडी?"

"घेतली की. घरात भिंतीवर हाय ते पदक त्येचंच."

बारा वर्षं मी त्या पदकावरची धूळ पुसत होते. मला काहीही माहीत नव्हतं. मी त्यांचा हात धरला. स्टँडवर कराडच्या गाडीची घोषणा झाली, केळीवाली ओरडली, सगळं नेहमीसारखं चालू होतं.

आबांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. "सांगलीची गाडी कवा हाय?"

"दोनला... कशाला?"

"लढाईत ढ हाय पोरगं. पार ढ." त्यांनी काठी उचलली. "पर त्याच्या हाताखाली असतो, तर माझी आठ पोरं जेवली असती. चल, स्टॉल बंद कर."

विश्रामबागेत उतरलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. वसतिगृहाच्या पडवीत पंगत बसत होती. जिनदत्त हात धुऊन ताट घेऊन येत होता. आम्हाला बघून तो जागीच थांबला. ह्यावेळी आ वासायची पाळी त्याची होती, आणि मी ती डोळे भरून बघून घेतली.

"आबा... मी स्टँडवर उतरलो न्हाई," तो म्हणाला.

"ठाऊक हाय. म्हणून मीच उतरलो." आबांनी वहाणा काढल्या. "आमाला बी वाढ. दिवस हाय तवर."

जिनदत्तनं माझ्याकडे बघितलं. मी वहीतून कार्ड काढून त्याच्या हातात दिलं.

"हे घाला जाग्यावर," मी म्हणाले. "आणि पुन्हा कुणी काढ म्हणालं, तर ऐकायचं न्हाई. मी म्हणाले तरी."

"म्हणजे... राग गेला?"

"राग हाय. तो मी तुमच्या घरी ऱ्हाऊन काढीन म्हणते."

त्याच्या हातातलं ताट कलंडलं, आमटी सांडली आणि वाढपी ओरडला.

पश्चिमेकडून उन्हाचा पट्टा पंगतीवर आला होता. आबांनी मांडी घातली, अधू पाय बाजूला पसरला आणि भाकरीचा तुकडा मोडला. तो हातात धरून ते थोडा वेळ बसले. मग त्यांनी घास तोंडात घातला, आणि दिवेलागणीच्या आत ताटातली भाकरी पुरी खाल्ली.